अब्बांची खळ आणि सूर्याची भट्टी

बकरी ईदच्या आदल्या संध्याकाळी माझ्या हातून धार लावायचा दगड खाली पडला. ओट्यावरून फरशीवर, म्हणजे जेमतेम तीन फूट. पडला आणि सरळ दोन तुकडे झाले. त्याचा एखादा कोपराही चेपला नाही, एखादी चीरही पडली नाही. आत्ता एक होता, पुढच्या क्षणी दोन.

मालेगावात ईदच्या आधी सुऱ्यांना धार लावायची घाई असते. शिकलगाराकडे रांग लागते, म्हणून लहान सुऱ्या आम्ही घरीच घासून घेतो. हा दगड काळा, एक बाजू खरखरीत, दुसरी जरा मऊ. दुकानात त्याला कार्बोरंडम म्हणतात. माझी अम्मी 'कुरंड' म्हणायची, मराठीत आपण कुरुंद म्हणतो.

माझा भाचा, म्हणजे धाकट्या बहिणीचा मुलगा, ईदसाठी आला होता. तो परराज्यातल्या एका संस्थेत पीएच.डी. करतो. त्याने दोन्ही तुकडे उचलले, फुटलेली बाजू दिव्याखाली धरून पाहिली आणि हसला. पण ते हसू काही आनंदाचे नव्हते.

"खाला, मी दोन वर्षं ज्याच्यावर काम करतोय ना, ते हेच."

"धार लावायच्या दगडावर?"

"दगडावर नाही. दगडातले हे चमकणारे कण आहेत ना, त्या पदार्थावर. सिलिकॉन कार्बाइड. सूर्यासारखी ऊर्जा तयार करणाऱ्या भट्टीच्या भिंती याच्या बनवता येतील का, ते बघतोय."

मी हातातल्या तुकड्याकडे पाहिले. जो पदार्थ माझ्या ओट्यावरून पडून फुटतो, त्याची भट्टी? आणि तीही सूर्याची?

मी मराठी आणि उर्दू शिकवते. विज्ञान माझा विषय नाही. तो माझा विषय का नाही, हे पुढे सांगते. पण त्या रात्री आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी भाच्याकडून जे समजून घेतले, आणि नंतर महिनाभर जे वाचले, ते इथे लिहून ठेवावेसे वाटते. माझ्या वर्गातल्या मुलींना ते त्यांच्या भाषेत वाचायला मिळणार नाही, हे मला माहीत आहे.

आधी त्या भट्टीबद्दल. आज अणुवीजकेंद्रांत युरेनियमसारखा जड अणू फोडून ऊर्जा मिळवतात. त्याला विखंडन म्हणतात. सूर्यात उलटे घडते. तिथे हलके अणू एकत्र येऊन जड अणू बनतो. हे केंद्रकीय संमीलन. पृथ्वीवर ते करायचे तर हायड्रोजनची दोन भावंडे, ड्युटेरिअम आणि ट्रिटिअम, सुमारे 15 कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागतात. एवढ्या तापलेल्या वायूला, म्हणजे प्लाझ्माला, कोणतेच भांडे धरू शकत नाही. म्हणून त्याला चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरतात. दोन अणू एकत्र आले की हेलियम तयार होतो आणि एक न्यूट्रॉन सुटतो. एकूण ऊर्जेपैकी सुमारे 80 टक्के ऊर्जा हा न्यूट्रॉन घेऊन जातो.

खरी अडचण इथे सुरू होते. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबक त्याला अडवू शकत नाही. तो सरळ जाऊन भिंतीत घुसतो. तसा तो घुसायलाच हवा, कारण त्याच्याच उष्णतेवर वीज बनवायची आहे. शिवाय भिंतीमागच्या लिथियममध्ये शिरून तोच नवे ट्रिटिअम तयार करतो. पण जाताना तो भिंतीतल्या अणूंना धक्के मारत जातो. कॅरमचा स्ट्रायकर सोंगट्यांत घुसतो तसा. एक सोंगटी दुसरीला मारते, दुसरी तिसरीला. भविष्यातल्या वीजकेंद्रात आतल्या भिंतीमधला प्रत्येक अणू तिच्या आयुष्यात सरासरी कित्येक डझन वेळा आपल्या जागेवरून उडवला जाईल, असा हिशोब आहे. ज्या घरातली प्रत्येक वीट पन्नास वेळा हलवली गेली, ते घर उभे कसे राहणार? शास्त्रज्ञांना हाच प्रश्न पडला आहे.

फ्रान्सच्या दक्षिणेला कादाराश इथे ईटर नावाची मोठी प्रायोगिक भट्टी उभी राहते आहे. सात भागीदार आहेत: युरोपीय संघ, चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया, अमेरिका आणि भारत. आपण 2005 साली सामील झालो. ज्या प्रचंड डब्यात ही भट्टी बसते, तो सुमारे 30 मीटर उंच आणि तितकाच रुंद क्रायोस्टॅट भारताने दिला. त्याचे भाग गुजरातमधल्या हजिऱ्याला बनले आणि समुद्रमार्गे गेले. वजन 3,850 टन. पण तो स्टेनलेस स्टीलचा आहे. ईटरचा सांगाडाही पोलादाचाच. ईटरला फक्त दाखवायचे आहे की ही आग पेटवून धरता येते. पुढच्या वीजकेंद्रांत ती वर्षानुवर्षे पेटती ठेवायची, तेव्हा भिंत कशाची करायची हा प्रश्न उरतोच.

पहिले उत्तर आहे खास पोलाद. साध्या पोलादातले मॉलिब्डेनम, निओबियम, निकेल असे घटक न्यूट्रॉनच्या माऱ्याने दीर्घकाळ किरणोत्सारी होऊन बसतात. म्हणून त्यांच्या जागी टंगस्टन आणि टँटलम घालून नवे पोलाद केले गेले. भारतानेही असे पोलाद स्वतः तयार केले आहे. पण साधारण 550 अंशांच्या वर हे पोलाद मऊ पडू लागते. आणि वीज बनवायची तर भट्टी जितकी गरम, तितकी त्याच उष्णतेतून जास्त वीज.

दुसरे उत्तर म्हणजे माझ्या हातातला तो काळा तुकडा. सिलिकॉन कार्बाइड 1,000 अंशांनाही आपली ताकद राखून असतो. भट्टी बंद केल्यावर त्याची किरणोत्सारिता पोलादापेक्षा फार लवकर खाली येते, अर्थात त्यात इतर धातूंची भेसळ नसेल तर. अमेरिकेत अॅरीज-एटी नावाचा एक आराखडा झाला होता. तो कागदावरच राहिला, पण त्यात भिंती सिलिकॉन कार्बाइड कंपोझिटच्या धरल्या होत्या आणि उष्णतेतला जवळजवळ 59 टक्के भाग विजेत बदलेल असा हिशोब निघाला होता. आपली कोळशावरची केंद्रे 35-40 टक्क्यांच्या आसपास असतात. या फरकासाठीच लोक एवढ्या ठिसूळ पदार्थाच्या मागे लागले आहेत.

या पदार्थाच्या नावाची गोष्ट मला भाषेची शिक्षिका म्हणून फार आवडली. 1891 साली अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन नावाचा माणूस कृत्रिम हिरे बनवायच्या खटपटीत होता. त्याने माती आणि कोळशाची पूड लोखंडी भांड्यात घालून त्यातून वीज सोडली. हिरे मिळाले नाहीत, पण काचेवर ओरखडा काढणारे चमकदार स्फटिक मिळाले. त्याला वाटले, हे कार्बन आणि कोरंडम यांचे मिश्रण असावे. म्हणून नाव दिले कार्बोरंडम. अंदाज चुकला होता, नाव तेवढे राहिले. आणि त्यातले कोरंडम हे नाव गेले आहे आपल्याच देशातून. तमिळमधला कुरुंदम, संस्कृतातला कुरुविंद, मराठीतला कुरुंद. अम्मीचा कुरंड जग फिरून नवे नाव घेऊन माझ्या ओट्यावर परत आला होता.

"पण तो तर फुटला," मी भाच्याला म्हटले.

"तोच तर प्रश्न आहे."

मग त्याने सांगितले की तो इतका गप्प गप्प का आहे. त्याचे नमुने आठ महिने असेच फुटत होते. यंत्रात धरून ताण द्यायचा, आलेखाची रेघ वर वर जाते आणि मग एकदम सरळ खाली. कट. दगडासारखे. त्याच्यासोबतची मुले नोकरीला लागली होती. घरी त्याने काही सांगितले नव्हते, पण परत जावे की नाही, या विचारात तो ईदला आला होता.

दुसऱ्या दिवशी कुर्बानी, वाटे, पाहुणे. रात्री सगळे आटोपल्यावर अब्बा पलंगावर टेकून बसले. अब्बांनी चाळीस वर्षे लूम चालवले. मालेगावात ज्यांनी पॉवरलूमचा कारखाना आतून पाहिला आहे, त्यांना माहीत आहे की तिथे माणूस शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलतो. अब्बांचे कान त्या आवाजात गेले. आता त्यांना काही सांगायचे तर मोठ्याने आणि थोडक्यात सांगावे लागते. लांबण लावली की ते मान फिरवतात.

"क्या काम करता रे तू?" त्यांनी नातवाला विचारले. हे ते दर ईदला विचारतात. दर ईदला तो "रिसर्च, नाना" म्हणतो आणि विषय संपतो. या वेळी मी मध्ये पडले. म्हटले, नीट सांग, मी मोठ्याने सांगते.

तो सांगू लागला आणि मी अब्बांच्या कानाशी त्याचे उर्दू करू लागले. पहिल्याच शब्दाला अडले. ठिसूळ. उर्दूत 'खस्ता' म्हणता येते, पण खस्ता म्हटले की आमच्या घरात नानखटाई आठवते. अब्बांना दगडाचे दोन तुकडेच दाखवले. त्यांना कळले. मग चिवट. त्याला मी 'सख़्तजान' म्हटले, सहजासहजी जीव न सोडणारा. अब्बांनी मान डोलावली.

"ठिसूळ दगड चिवट कसा करायचा, तर त्याचा आधी धागा काढायचा," भाचा म्हणाला.

धागा म्हटल्याबरोबर अब्बा सरळ बसले.

जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात सेइशी याजिमा यांनी 1975 साली ही युक्ती शोधली. सिलिकॉन आणि कार्बन असलेले एक प्लास्टिकसारखे रसायन वितळवायचे, शेवयांच्या साच्यातून काढावे तसे त्याचे बारीक तंतू काढायचे आणि मग ते भट्टीत भाजायचे. नको ते उडून जाते, मागे सिलिकॉन कार्बाइडचा तंतू उरतो. जाडी दहा-पंधरा मायक्रॉन, आपल्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी. एवढा बारीक झाल्यावर तोच कडक पदार्थ वाकतो. असे शेकडो तंतू एकत्र घेऊन त्यांचे सूत होते. सुताचे कापड विणतात.

"लूमपे?" अब्बांनी विचारले.

"हां नाना, लूमपे. ताना-बाना, सब वैसाच."

मग ते कापड एका पोकळ भट्टीत ठेवतात आणि सुमारे 1,000 अंशांवर त्यातून असा वायू सोडतात की तंतूंच्या मधल्या जागेत सिलिकॉन कार्बाइडच साचत जातो. हळूहळू सगळ्या फटी भरतात. कापड दगडात गाडले जाते. म्हणजे आतला धागा सिलिकॉन कार्बाइडचा आणि भोवतालचे भरणही सिलिकॉन कार्बाइडचेच. याला सिरॅमिक कंपोझिट म्हणतात.

अब्बा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खळ कौन देता है?"

भाचा माझ्याकडे बघू लागला. त्याला खळ हा शब्दच माहीत नव्हता. तो जन्मला तोवर त्याच्या आईवडिलांचा लूमशी संबंध संपला होता.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कापडातला उभा धागा, म्हणजे ताणा, लूमवर चढवायच्या आधी सायझिंगला जातो. तिथे तो उकळत्या खळीतून काढतात, वाळवतात आणि बीमवर गुंडाळतात. खळ म्हणजे स्टार्चची पेज. लूमवर त्या धाग्याला दर मिनिटाला शेकडो घासण्या बसतात. खळ नसेल तर तो पिंजतो, शेजारच्या धाग्यात गुंततो आणि तुटतो. खळ असेल तर घसरून जातो. पण खळ जास्त झाली तरी धागा काडीसारखा कडक होतो आणि तुटतोच. किती खळ द्यायची, ही सायझिंगवाल्याची सगळी अक्कल. खळ बिघडली तर बीम वाया जायचा आणि अब्बांची आठवड्याची मजुरी कमी व्हायची. आमच्या घरात खळ हा जेवणाइतका गंभीर विषय होता.

मी हे भाच्याला सांगितले. त्याने डोके हाताने धरले आणि या वेळी तो खरेच हसला.

कारण त्याच्या सगळ्या कामाचा जीव तिथेच आहे. तंतू आणि भरण यांच्या मध्ये कार्बनचा एक पातळ थर द्यावा लागतो. मायक्रॉनच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा. हा थर चिकटवायला नसतो, थोडे सुटू द्यायला असतो. भरणात चीर पडते आणि धावत तंतूपर्यंत येते. थर नसेल, तंतू आणि भरण घट्ट जुळलेले असतील, तर चिरेला काही फरकच कळत नाही. ती तंतूही कापत सरळ पलीकडे जाते. एवढे विणून शेवटी आपल्याकडे दगडच उरतो. पण मध्ये हा मऊ थर असला तर चीर तिथे वळते आणि तंतूच्या कडेने पळू लागते. तंतू शाबूत राहतो, चिरेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतो. ताण आणखी वाढला तर तो आपल्या खोबणीतून घासत घासत बाहेर ओढला जातो आणि त्या घासण्यात फोडणारी ताकद खर्ची पडते. थर फार सैल असेल तर मात्र तंतूवर भार येतच नाही आणि त्याचा उपयोग संपतो. थोडक्यात, खळीसारखेच. कमी नको, जास्त नको.

भाच्याच्या नमुन्यांत हाच थर काही तंतूंवर पोचतच नव्हता. गठ्ठ्याच्या बाहेरच्या तंतूंना लागायचा, आतले कोरडे राहायचे. हे त्याला आधीच माहीत होते. अब्बांनी काही शोध लावला नाही, हे मला स्पष्ट लिहायला हवे, नाहीतर व्हॉट्सअॅपवर उद्या त्याची भलतीच गोष्ट होईल. अब्बांनी फक्त योग्य प्रश्न विचारला. पण दोन वर्षांत घरातल्या कुणी त्याला योग्य प्रश्न विचारण्याची ती पहिली वेळ होती.

मग ते दोघे रात्री एक वाजेपर्यंत बोलत बसले आणि मी दुभाषी. भाच्याने सांगितले की सुरुवातीच्या जपानी तंतूंत ऑक्सिजन राहून जायचा. न्यूट्रॉनचा मारा बसला की ते आकसायचे आणि भोवतालचे भरण मात्र किंचित फुगायचे. दोघे एकमेकांपासून सुटायचे आणि ताकद जायची. अब्बा म्हणाले, सुती ताणा आणि पॉलिस्टरचा बाणा घेतला की पहिल्या धुण्यात कापड असेच गोळा होते. पुढे हवा न लावता, इलेक्ट्रॉनच्या झोताखाली पक्के केलेले, जवळजवळ शुद्ध तंतू आले. ते भरणाबरोबर तेवढेच फुगतात आणि ते फुगणे एका मर्यादेला थांबते. तेव्हापासून लोकांना या पदार्थाबद्दल खरी आशा वाटू लागली.

अडचणी संपलेल्या नाहीत. न्यूट्रॉनच्या माऱ्याने सिलिकॉन आणि कार्बनचे काही अणूच फुटतात आणि पदार्थाच्या आत हेलियम वायू तयार होतो, पोलादात होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त. उष्णता वाहून नेण्याची ताकद घटते. फार मारा झाला की तो कार्बनचा थरच बिघडतो. बारीक चिरा पडल्या की पदार्थ तुटत नाही, पण त्यातून वायू झिरपतो. एक तुकडा दुसऱ्याला जोडायचा कसा, हाही प्रश्नच, कारण लोखंडासारखे वेल्डिंग इथे चालत नाही. शिवाय किंमत. दुसरीकडे, याच जातीचे कंपोझिट विमानांत पोचले आहे. 2016 पासून उडणाऱ्या लीप नावाच्या जेट इंजिनांत, टर्बाइनच्या पात्यांभोवतीचे कडे सिलिकॉन कार्बाइड कंपोझिटचे असते. मुंबईहून सुटणाऱ्या काही विमानांनाही ही इंजिने आहेत. म्हणजे उष्णतेची परीक्षा तो पास झाला. न्यूट्रॉनची बाकी आहे.

ती परीक्षा घ्यायला संमीलनातल्या इतका जोरदार न्यूट्रॉन हवा, आणि तेवढा मारा दीर्घकाळ देणारे यंत्र आज जगात नाही. विखंडनाच्या अणुभट्ट्यांत नमुने ठेवून अंदाज बांधतात, पण तिथले न्यूट्रॉन बरेच मंद. असे खास यंत्र स्पेनमध्ये एस्कुसार गावाजवळ उभारले जात आहे. हे गाव ग्रॅनडाच्या अगदी जवळ. भाच्याने फोनवर नकाशा दाखवला तेव्हा मी चमकले. ग्रॅनडा म्हणजे उर्दूतले ग़रनाता. अलहम्ब्राच्या भिंतींवरच्या रंगीत फरशांची चित्रे मी दर वर्षी वर्गात दाखवते. भाजलेल्या मातीच्या त्या फरशा काही शतके टिकल्या. आता त्याच मुलखात भाजलेल्या पदार्थाची नवी परीक्षा होणार. अब्बांना ग़रनाता माहीत होते. त्यांनी फक्त विचारले, कितने साल लगेंगे? भाचा म्हणाला, नाना, बरीच वर्षे. माझे केस पांढरे होतील.

तो झोपायला गेल्यावर अब्बा मला म्हणाले, "तू तो बोली थी तेरेको साइंस पसंद नहीं."

मी काही बोलले नाही.

दहावीला मला विज्ञानात चांगले मार्क होते. उर्दू माध्यमात. अब्बांनी मला अकरावी सायन्सला घातले आणि फीसाठी सहा महिने जादा पाळी केली. जुम्म्याला कारखाने बंद असतात, तेवढाच एक दिवस ते घरी झोपलेले दिसायचे. कॉलेजात फळ्यावर एकदम इंग्रजी आले. दहावीपर्यंत जे शब्द मला उर्दूत पाठ होते, ते एकही ओळखू येईनात. मी वहीत फळा जसाच्या तसा उतरवायची आणि रात्री त्याकडे बघत बसायची. कुणाला विचारायची हिंमत नव्हती. विचारायचे तरी कोणत्या भाषेत? सहाव्या महिन्यात मी घरी सांगितले की मला सायन्स आवडत नाही, मी आर्ट्स घेते, पुढे बी.एड. करते. मला काही समजत नाही, हे सांगितले असते तर अब्बांनी तिसरी पाळी करून शिकवणी लावली असती. म्हणून खोटे बोलले. ते खोटे मी पंचवीस वर्षे इतके वापरले की मलाही खरे वाटू लागले होते.

त्या रात्री मला कळले की मला ते आवडते.

ईदनंतर शाळा सुरू झाली तेव्हा मी नववीच्या मराठीच्या तासाला 'ठिसूळ' आणि 'चिवट' हे दोन शब्द फळ्यावर लिहिले आणि ही सगळी गोष्ट सांगितली. मालेगावातल्या मुली. त्यांना खळ सांगावी लागली नाही. गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मिस, धागा पण त्याच पदार्थाचा आणि भरण पण त्याच पदार्थाचं. मग दोघं वेगळे कसे?"

मी तिला म्हटले, उद्या सांगते. रात्री भाच्याला फोन करून तिचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "खाला, या मुलीला माझ्या लॅबमध्ये पाठव. मधला थर आहे म्हणूनच ते वेगळे आहेत. थर काढला की एकच दगड." दुसऱ्या दिवशी मी तिला हे मराठीत सांगितले, मग उर्दूत, आणि 'इंटरफेज' हा इंग्रजी शब्दही फळ्यावर लिहून सगळ्यांकडून तीनदा वाचून घेतला. पुढे तो कुठल्यातरी फळ्यावर दिसला तर त्यांनी घाबरू नये.

गेल्या आठवड्यात भाच्याचा मेसेज आला. गठ्ठा थोडा सैल करून, वायूचा वेग कमी करून त्याने पाच नवे नमुने केले होते. चार पहिल्यासारखेच फुटले. पाचव्याची रेघ मात्र सरळ खाली आली नाही. थांबत, अडखळत, पायऱ्या उतरल्यासारखी उतरली. सोबत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेला तुटलेल्या बाजूचा फोटो होता. राखाडी दगडातून असंख्य तंतू बाहेर आलेले, कुणी लांब, कुणी आखूड.

मी फोन अब्बांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी चित्र मोठे केले आणि बराच वेळ पाहिले.

"ये टूटा नहीं," ते म्हणाले, "ये तो फटा है."

मी ते जसेच्या तसे भाच्याला लिहून पाठवले.